माहेर घेऊन दिंडोशीला

मुंबईहून परतल्यापासून बाजारात जो भेटतो तो विचारतो, "काय काय बघून आलात?" त्याला समुद्र, टोलेजंग इमारती, नटनट्यांचे बंगले असलं काही ऐकायचं असतं. मी सगळ्यात जास्त वेळ बघितला तो सोनोग्राफीचा काळा-पांढरा पडदा, आणि त्यात नेमकं काय बघायचं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. तरी लिहितो. उद्या आपल्यातला एखादा बाप त्याच कामाला निघाला तर त्याला आधी काहीतरी ठाऊक असलेलं बरं.

मी एसटीचा निवृत्त ड्रायव्हर. कणकवलीहून बोरिवलीला इतक्या वेळा गाडी नेली की रस्त्यातले खड्डे मला नावानिशी ठाऊक होते. पण बोरिवली म्हणजे माझ्यासाठी डेपो. विश्रांतिगृहात पाय पसरायचे, चहा मारायचा, दुसऱ्या दिवशी गाडी वळवून परत. डेपोच्या भिंतीपलीकडे माणसं कशी राहतात, काय खातात, कशाला घाबरतात, हे बघायची वेळ कधी आली नव्हती.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्यात ओटी भरायची आणि लेकीला घरी आणायची. आमच्या प्राजक्ताच्या बाबतीत सगळंच उलटं झालं. अंधेरीच्या तिच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं की वजन जास्त आहे, रक्तदाब वर जातोय, वारेवर लक्ष ठेवायचंय, तेव्हा कोकणात वगैरे जायचं नाही. वार म्हणजे बाळाला आईच्या अंगातून अन्न आणि हवा पोचवणारा तो मांसल गोळा, नाळ जिला जोडलेली असते ती. त्यातच माझी बायको सुलभा विहिरीच्या काठावर घसरली आणि तिचा पाय प्लास्टरमध्ये गेला. जावई नितीन दिवसभर ऑफिसात. लेकीजवळ राहणार कोण?

"तुम्ही जावा," सुलभा म्हणाली.

"मी? बाळंतपणाक?"

"मगे कोण जातलो? माहेर म्हणजे नुसते भिंती काय?"

अशा रीतीने उकडे तांदूळ, कुळथाचं पीठ, सोलं, तुपाचा डबा आणि डिंकाचे लाडू घेऊन मी माहेर बनून निघालो. प्रवासाचं सांगत नाही. दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग असताना मला प्रवास सोसत नाही, एवढंच.

दिंडोशी

प्राजूचं घर सहाव्या मजल्यावर. गॅलरीतून एका बाजूला दिंडोशीचं कोर्ट, दुसऱ्या बाजूला हिरवा डोंगर, आणि मध्ये एकसारख्या इमारती. आपल्याकडे दिवस उजाडला की दार उघडतं ते रात्री लागतं. इथे माणूस आत गेला की दार बंद. समोरच्या घरात कोण राहतं ते मला मुक्काम संपेपर्यंत फक्त चपलांवरून ठाऊक होतं.

प्राजूने दार उघडलं आणि मला बरं वाटलं. पोर लहानपणापासून अंगाने भरलेली, आमचं घरच तसं. आता पोट असं पुढे आलेलं की दारात तिच्याशेजारी जागा उरली नव्हती. त्याच संध्याकाळी फोनवर सुलभाने पहिला प्रश्न तोच केला.

"पोट केवढा दिसता?"

"चांगला मोठा."

"मगे बाळ बरा गुटगुटीत आसतला. तिका पोटभर घाला. दोन जिवांचा खावक होया."

झालं. मी कामाला लागलो. मुक्कामी गाडीवर स्टोव्ह पेटवून चार माणसांचं जेवण करायची सवय होतीच. सकाळी पेज, दुपारी भात, कुळथाची पिठी, एखादी भाजी, तूप सढळ. ताट प्राजू आत खोलीत न्यायची. म्हणायची, "बाबा, मी आडवी पडून सावकाश खाते." संध्याकाळपर्यंत ताट स्वच्छ परत यायचं आणि मी स्वतःवर खूश व्हायचो. नितीनला मी "नितीनराव" म्हणतो, तो लाजतो. फार बोलत नाही, गुणी पोरगा. दवाखान्याची पहिली फेरी झाली आणि पुढच्या आठवड्याभरात त्याचा चेहरा जरा गोल झाल्यासारखा वाटला. वाटलं, सासऱ्याच्या हाताला चव आहे.

अंधेरी

दवाखाना अंधेरीला. रिक्षा हायवेला लागली की माझा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायचा, आणि ब्रेक काही सापडायचा नाही. प्राजू पोटाखाली हात धरून बसलेली. रिक्षा आदळली की मी रिक्षावाल्याला ओरडायचो आणि प्राजू मला.

सोनोग्राफीच्या खोलीत एका नातेवाइकाला बसता येतं. मी पडद्याच्या अलीकडे स्टुलावर. तपासणारे डॉक्टर तरुण होते. यंत्र पोटावर फिरवत राहिले, दाबत राहिले. प्राजूच्या तोंडून एकदा "आई गं" निघालं.

"चरबीचा थर जाड आहे ना, दिसत नाही नीट," ते शेजारच्या मदतनीस मुलीला म्हणाले, जणू प्राजू तिथे नव्हतीच. "श्वास धरा. अजून थोडा."

प्राजू छताकडे बघत होती. मला उठून त्या माणसाला दोन शब्द सुनवावेसे वाटले. पण तो तिच्या पोटात काय चाललंय ते बघत होता, आणि मला ते कळायला हवं होतं, म्हणून मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची चीड अजून गेलेली नाही.

मग डॉक्टरबाईंची खोली. पन्नाशीच्या, चष्मा केसांत खोचलेला, बोलणं तडकाफडकी.

"बाबा, पोट बघून फसू नका. पोट मोठं आहे, बाळ लहान आहे. जेवढं वाढायला हवं तेवढं वाढत नाहीये."

मला खरंच काही समजेना. एवढी धष्टपुष्ट आई, आणि बाळ उपाशी? मी तसं विचारलं.

"आईचं वजन फार असलं की रक्तात साखर, चरबी जास्त फिरते. अंगात आतून बारीक सूज असते. वार त्याच वातावरणात तयार होते. कधी ती जाडजूड होते, बाळाला नको तेवढं पुरवते, मग बाळ फार मोठं होतं. कधी तिच्यातल्या बारीक रक्तवाहिन्या नीट फुटतच नाहीत. आईकडे भरपूर, पण बाळाकडे जात नाही. हिचं दुसरं दिसतंय."

"म्हणजे टाकी फुल आणि फिल्टर चोक," मी म्हटलं.

बाई हसल्या. "साधारण तसंच म्हणा. फक्त हा फिल्टर बदलता येत नाही. आहे त्याच्यावर जमेल तेवढं अंतर काढायचं, आणि कुठे थांबायचं ते ओळखायचं. प्राजक्ता, आहारतज्ज्ञांनी ठरवून दिलंय तेवढं वेळेवर खायचं. लाडू बंद, पण उपासही नाही. आणि बाळाचं हलणं. ते कमी वाटलं की लगेच यायचं, सकाळची वाट बघायची नाही. कळलं?"

कळलं, आम्ही दोघंही म्हणालो. पण मी ऐकलं एक आणि तिने ऐकलं दुसरंच, हे मला नंतर समजलं.

जोगेश्वरी

बाळ लहान आहे हे सुलभाला फोनवर सांगितलं.

"थय जोगेश्वरी आसा मां जवळ?" ती म्हणाली. "जावा आणि देवीची ओटी भरून येवा."

जोगेश्वरीची लेणी रस्त्यावरून दिसत नाहीत. घरांच्या दाटीतून, वाळत घातलेल्या कपड्यांखालून वाट काढत जावं लागतं. मग एकदम पायऱ्या खाली उतरतात आणि माणूस डोंगराच्या पोटात शिरतो. बाहेर हॉर्नचा गोंगाट, आत गार अंधार, खांबांच्या रांगा, कुठेतरी ठिबकणारं पाणी. दगड इतका झिजलाय की कोरलेल्या मूर्तींचे चेहरे ओळखू येत नाहीत. मध्यभागी देवीचं ठाणं, तिथे तेवढा दिवा.

मी पिशवीतून नारळ, खण, तांदूळ काढले आणि अडलो. ओटी बायका भरतात. मी उभ्या जन्मात भरली नव्हती. माझी ती अवस्था मागे उभ्या असलेल्या एका बाईने पाहिली. ऑफिसातून सुटून आलेली दिसत होती, खांद्याला पर्स, गळ्यात ओळखपत्र.

"काका, तुम्ही ओटी भरताय?"

"बायकोचा पाय मोडलाय. मुलगी बाळंत व्हायचीय. परत नेऊ का मग हे?"

"परत कशाला नेताय? द्या इकडे. मुलीचं नाव काय?"

तिने चपला काढल्या, पदर नव्हता म्हणून ओढणी डोक्यावरून घेतली आणि व्यवस्थित ओटी भरली. मग मला विचारलं, "कितवा?"

"आठवा."

"पोट मोठं आहे ना? मग नका काळजी करू. बाळ छान असणार."

तिने चांगल्या मनाने म्हटलं होतं. मला रडू आलं. अंधार होता म्हणून बरं. एवढ्या मोठ्या पोटाकडे बघून सगळं जग माझ्या लेकीला शाबासकी देत होतं, आणि आत ते पोर अर्धपोटी होतं. मी देवीकडे काय मागितलं ते सांगता येणार नाही, कारण मला धड वाक्यच जुळवता आलं नाही. नुसतं पोर, पोर म्हणत उभा राहिलो.

जुहू

डॉक्टरबाईंनी थोडं चालायला सांगितलं होतं, म्हणून रविवारी नितीनने आम्हा दोघांना जुहूला नेलं. आपल्याकडच्या किनाऱ्यावर माणूस एकटा पडतो, इथे माणसांतून समुद्र शोधावा लागतो. घोडागाडी, फुगे, मक्याची कणसं, भेळेच्या गाड्यांची लांबच लांब ओळ. प्राजू थोडं चालली आणि वाळूत बसली. नंतर तिला उठवताना मी एक हात ओढला, नितीनने दुसरा, आणि तिघंही हसता हसता पुन्हा खाली बसलो. बऱ्याच दिवसांनी तिला हसताना बघत होतो.

मी म्हटलं, "नितीनराव, तुम्ही तरी भेळ खा."

"नको बाबा."

"अहो, खा की. मी देतो."

"नको म्हटलं ना, बाबा!" असं तो एरवी कधी बोलत नाही. त्याच्या शर्टाचं पोटावरचं बटण ताणून तिरकं झालं होतं. "मला आता खाणं बघवत नाही. रोज दोन-दोन ताटं जेवतोय मी."

प्राजूने त्याला डोळ्यांनी दटावलं. पण आता उशीर झाला होता. माझी पिठी, माझा भात, माझं सढळ तूप, सगळं जावयाच्या पोटात जात होतं. संध्याकाळी तो घरी आला की खोलीत झाकून ठेवलेलं दुपारचं ताट पुसून काढायचा, मग रात्रीचं. आणि माझी लेक दिवसभर दोन बिस्किटं आणि पाण्यावर.

मी चिडलो. चारचौघांत आवाज चढवला. "अगो बाय, तुला कळतं का काही? पोटात जीव आहे तुझ्या!"

"म्हणूनच!" तीही ओरडली. "तुम्हीच म्हणालात ना बाबा, टाकी फुल आहे, फिल्टर चोक आहे. मी खाल्लेलं त्याच्यापर्यंत जातच नाही. माझ्याच अंगावर चढतं. मग कशाला खाऊ? म्हटलं, टाकी थोडी रिकामी करून बघू. माझ्या चरबीने त्याचं नरडं दाबलंय, बाबा."

मी बोललो त्यातलं एक वाक्य पोरीने उचललं होतं आणि त्याच्यावर स्वतःला उपाशी ठेवलं होतं. शेजारी कोणी फुगेवाला फुगे घासून कुई कुई आवाज काढत होता, त्याला मी हाकललं.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्या आम्हा तिघांवर भडकल्या, सगळ्यात जास्त माझ्यावर. "वार पहिल्या काही महिन्यांत बनते. आता उपाशी राहून ती दुरुस्त होत नाही. जे थोडं पलीकडे जातंय तेही तुम्ही बंद करताय." मग प्राजूला हलक्या आवाजात म्हणाल्या, "वजनाचं आपण नंतर बघू, तू आणि मी मिळून. आत्ता खा."

त्यानंतर ती माझ्यासमोर बसून जेवायला लागली. डोळे मिटून, औषध घेतल्यासारखी. तिखट झालंय, अळणी झालंय, चांगलं झालंय, एक शब्द नाही. घास जायचा एवढंच.

पुन्हा अंधेरी

नववा लागायला थोडे दिवस होते. दुपारी मी भांडी घासत होतो. प्राजू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, आज ते हलत नाहीये. म्हणजे, सकाळी हललं होतं बहुतेक. मला नक्की कळत नाही."

मी आधी सुलभाला फोन लावला. ती तीन बाळंतपणं केलेली, जावांची, नणंदांची काढलेली.

"दिवस भरत इले की पोर गप्पच होता," ती म्हणाली. "तेका हलाक जागा खय आसता? तिका जरा निजाक सांगा."

ऐकून मला हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू, तेच ऐकायचं होतं. प्राजूचाही चेहरा सैल झाला, ती वळली पलंगाकडे. आणि मला एकदम भीती वाटली. इंजिनाचा आवाज बदलला की चांगला ड्रायव्हर पुढच्या स्टॉपपर्यंत बघू म्हणत नाही. मी हात तसेच धोतराला पुसले. लग्नाला इतकी वर्षं झाली, बाळंतपणाच्या बाबतीत सुलभाचा शब्द मोडायची ही पहिलीच वेळ.

"चल. चप्पल घाल."

हायवेवर मेट्रोचं काहीतरी काम आणि गाड्या खिळलेल्या. मी रिक्षातून बाहेर डोकं काढून ओरडत होतो. रिक्षावाला शेवटी म्हणाला, "काका, उडवत नेऊ का आता?" पण त्याने प्राजूकडे बघितलं आणि कुठल्या कुठल्या गल्ल्यांतून रिक्षा काढली. मी सगळा वेळ तिचा हात धरला होता आणि तिला सारखं विचारत होतो, "हललं?" ती नुसती मान हलवायची. शेवटी म्हणाली, "बाबा, विचारू नका ना." मग मी विचारायचं थांबलो आणि जोगेश्वरीला सोडलेलं ते अर्धंमुर्धं वाक्य पुन्हा सुरू केलं.

दवाखान्यात तिच्या पोटाला पट्टा बांधला. ठोके ऐकू येत होते, पण मध्येच मंदावायचे. मंदावले की मीही श्वास धरायचो. डॉक्टरबाई आल्या, कागदाची पट्टी बघितली, आणि खुर्चीवरही बसल्या नाहीत.

"आता थांबायचं. बाळ बाहेर काढू."

नितीन धावत पोचला तेव्हा तिला ऑपरेशनसाठी आत नेत होते. पाठीत भुलीची सुई द्यायला पुष्कळ वेळ लागतोय असं एक सिस्टर सांगून गेली, जाड अंगात जागा सापडत नाही. आम्ही दोघं बाहेर बाकावर. नितीन म्हणाला, "बाबा, मी ते जेवण जेवायला नको होतं." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

रडणं ऐकू आलं ते इतकं बारीक की मला मांजर वाटलं. मुलगी. माझ्या तळहातापासून कोपरापर्यंत मावेल एवढी. लगेच काचेच्या पेटीत नेली.

थोड्या वेळाने डॉक्टरबाई बाहेर आल्या. वार लहान निघाली, जागोजागी पांढरट, कडक चट्टे होते. "अजून थोडा उशीर केला असतात तर कठीण होतं," एवढंच म्हणाल्या. मग मला सुलभाचं बोलणं आठवलं. आमच्याकडे वार परसात माडाखाली पुरतात, आणि येताना ती घेऊन या असं तिने बजावलं होतं. मी चाचरत विचारलं. बाई म्हणाल्या, ती तपासायला लॅबमध्ये जाईल, पुढच्या वेळी उपयोग होईल. सुलभाला तसं कळवलं.

"जाव दे ती," ती म्हणाली. "पोर आसा मां?"

"आसा," मी म्हटलं, आणि आम्ही दोघंही फोनवर रडलो.

प्राजूने खाटेवर आणल्यावर डॉक्टरबाईंना विचारलेला पहिला प्रश्न मी ऐकला. "माझ्या अंगामुळे झालं ना हे?"

"वजनाचा त्यात वाटा आहे, नाही म्हणणार नाही," बाई म्हणाल्या. "एकट्या वजनामुळे असंही नाही, रक्तदाब होता. खूप वजनदार बायकांची वार अगदी छान काम करते, बारीक बायकांची फसते. तू गुन्हा केलेला नाहीस."

प्राजूने मान भिंतीकडे वळवली. पटलेलं दिसत नव्हतं. पेटीजवळ नेलं तरी ती हात मागे बांधून उभी राहायची. बाळाला उघड्या छातीशी धरून बसायचं, आईच्या अंगाच्या उबेने ते वाढतं, असं सिस्टरने सांगितलं. प्राजूने नकार दिला. सगळ्यांसमोर अंगावरचं उघडं करायचं, आणि तेही हे अंग. "माझ्याजवळ नको," ती म्हणाली. "पेटीतच बरी आहे ती." नितीनने समजावलं, मी समजावलं, सुलभाने फोनवरून शिव्या घातल्या. काही उपयोग झाला नाही. पोरीचं वजन जन्मल्या वेळेपेक्षाही उतरलं होतं. मी पेटीच्या काचेबाहेर उभा राहायचो आणि घरी येऊन दुसऱ्या दिवशीचा स्वयंपाक करायचो, कारण दुसरं काही करता येत नव्हतं.

मग एका सकाळी मी डबा घेऊन गेलो तर तिच्या खाटेवर ती नव्हती. सिस्टरने बाजूच्या खोलीकडे बोट दाखवलं. पेटीतल्या बाळांच्या आयांची खोली. दार लोटलेलं. प्राजू आरामखुर्चीत मागे रेलून बसली होती, अंगावर सैल गाऊन, आणि गाऊनच्या आत, गळ्याशी, लोकरी टोपीचा एक ठिपका. रात्री पेटीतही पोरीचं अंग गार पडत होतं, म्हणून सिस्टरने न विचारता तिला हिच्या छातीवर ठेवलं, आणि तेव्हापासून प्राजूने तिला उतरवू दिलेलं नाही, असं नितीन मागाहून म्हणाला.

"हळू बोला," प्राजू म्हणाली. "आत्ताच झोपलीय. गरम लागतंय तिचं अंग. बघा हात लावून."

मी हात लावला. गरम होतं.

मी डबा उघडला. पेज आणि सुरणाची भाजी. तिचे दोन्ही हात पोरीभोवती अडकलेले, म्हणून मीच चमच्याने भरवायला लागलो. ती माझ्याकडे बघत जेवत होती, डोळे उघडे ठेवून. दोन चमचे झाले, तीन झाले. मग तिने तोंड वाकडं केलं.

"शी बाबा, भाजी अळणी झालीय," ती म्हणाली, आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.